उपऱ्याची मिरास

जुन्या मराठी गावगाड्यात जमीन कसणारे कुणबी दोन प्रकारचे असत. ज्याच्या घराण्यात जमीन पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ज्याचा हक्क दप्तरात नोंदलेला असे आणि दुष्काळात परागंदा झाल्यावरही ज्याच्या मालकीवर सहसा कोणी बोट ठेवीत नसे, तो मिरासदार; आणि कोठून तरी येऊन, वर्षा-दोन वर्षांच्या कौलाने पडीक किंवा परक्याची जमीन करणारा, गावच्या मानपानात ज्याला स्थान नसे, तो उपरी. मिरास हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ वारसा असा आहे. पंजाबात पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या एका जमातीला मिरासी हे नाव पडले तेही याच शब्दावरून. म्हणजे शेताचा वारसा आणि सुरांचा वारसा यांना आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दाने ओळखले. आणि कलावंताचा विचार करताना आजही आपण नकळत त्याच दप्तराची पाने उलटतो. कोणाचा मुलगा, कोणत्या घराण्याचा, कोणाचा गंडाबंध शिष्य हे प्रश्न आपण आधी विचारतो आणि गाणे मागाहून ऐकतो. हे दप्तर एका विशिष्ट ठिकाणी कसे अपुरे पडते हे दाखवण्यासाठी मी एका परदेशी गायकाचे उदाहरण घेणार आहे. तो अमेरिकन होता, रॉक गाणारा होता, तीस वर्षे जगला आणि हयातीत त्याची एकच पूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्याचे नाव जेफ बकली.

त्याचा जन्म १९६६ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम येथे झाला. बाप टिम बकली हा त्या काळचा नावाजलेला गायक. लोकसंगीतापासून जॅझपर्यंत आणि तेथून पुढे ज्याला नावच देता येणार नाही अशा अनवट प्रदेशापर्यंत आपला विलक्षण पल्लेदार आवाज घेऊन गेलेला मनुष्य. परंतु मुलाचा जन्म होण्यापूर्वीच त्याने घर सोडले होते. जाणत्या वयात बापलेकांची भेट झाली ती एकदाच, १९७५ च्या वसंतात, मुलगा आठ वर्षांचा असताना. आणि त्यानंतर दोनेक महिन्यांतच अठ्ठावीस वर्षांचा टिम मादक द्रव्याच्या अतिसेवनाने मरण पावला. मुलगा तोवर सावत्र बापाच्या आडनावाने स्कॉट मूरहेड म्हणून ओळखला जात असे. बाप गेल्यावर त्याने जन्मदाखल्यावरचे नाव पुन्हा घेतले. नाव परत मिळाले, परंतु त्या नावामागचा माणूस त्याला कधी लाभलाच नव्हता. बापाच्या अंत्यविधीचे बोलावणेही त्याला नव्हते, आणि ते शल्य त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवले.

१९९१ च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनमधल्या सेंट ॲन चर्चमध्ये टिम बकलीच्या स्मरणार्थ गाण्यांचा एक कार्यक्रम झाला. चोवीस वर्षांचा जेफ तेथे आला आणि त्याने जी गाणी म्हटली त्यांत एक असे होते, की जे बापाने १९६७ मध्ये, सोडून दिलेल्या बायकोला आणि याच मुलाला उद्देशून रचले होते. ज्याच्याविषयी गाणे लिहिले गेले त्यानेच उभे राहून ते म्हणावे, आणि लिहिणारा सोळा वर्षांपूर्वीच गेलेला असावा, या प्रसंगाची कल्पना करतानादेखील मन थबकते. अखेरच्या गाण्यात गिटारची तार तुटली. त्याने हातातले वाद्य थांबवले आणि उरलेले गाणे नुसत्या गळ्याने पुरे केले. त्या रात्री जमलेल्या लोकांनी बापाचा आवाज मुलाच्या मुखातून ऐकला असे मानले आणि तेथेच त्याच्या नावावर मिरास चढली. वस्तुतः तो तेथे वारसा मागण्यासाठी आला नव्हता; राहून गेलेला अंत्यविधी उरकण्यासाठी आला होता, आणि त्याचा स्वतःचा खुलासाही याच अर्थाचा होता.

रक्ताचे काहीच नाही असे मी म्हणत नाही. कंठाची घडण, श्वासाचा पल्ला, खर्जापासून तारसप्तकापर्यंत विनासायास फिरणारा गळा या गोष्टी शरीरातून येतात आणि शरीर आईबापांकडून येते. बापलेकांची मुद्रणे लागोपाठ ऐकली तर काही जागी अंगावर काटा उभा राहावा इतके साम्य आढळते. परंतु गळा हे गाणे नव्हे, जसे जमीन हे पीक नव्हे. काळी कसदार जमीन वारशाने मिळूनही तीत तण माजलेले आपण पाहतो. प्रश्न नांगरणीचा आहे. बकलीने नांगरणी केली ती बापाच्या शेतात नव्हे. ती त्याने न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात, सेंट मार्क्स प्लेस या रस्त्यावरच्या एका चिंचोळ्या कॉफीगृहात केली.

त्या कॉफीगृहाचे नाव 'शिने'. आयरिश भाषेतल्या या दोन अक्षरांचा अर्थ 'हेच ते' असा आहे. एका आयरिश गृहस्थाने चालवलेली ती जागा. रंगमंच असा नाहीच, भिंतीला लागून थोडी मोकळी जागा, समोर टेबले, कपबशांचा आवाज. १९९२ पासून सोमवारच्या रात्री बकली तेथे एका मैत्रिणीकडून उसनी घेतलेली टेलिकास्टर गिटार घेऊन एकटाच बसू लागला. आणि तो काय गात होता? स्वतःची गाणी थोडी. बाकी सगळी दुसऱ्यांची. नीना सिमोन, एडिथ पियाफ, व्हॅन मॉरिसन, बॉब डिलन, लेड झेपेलिन, आणि यांच्या शेजारी, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, लायलपूरचा कव्वाल नुसरत फतेह अली खान. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना मध्ये तो गप्पा मारी, नकला करी, रेडिओवरच्या एखाद्या उथळ गाण्याची चेष्टा करता करता त्यातच काहीतरी सापडून गंभीर होई. कोणी ऐको न ऐको, त्या जागी एखादे गाणे फसले तरी कोणाचे काही बिघडत नव्हते, आणि ज्याला शिकायचे आहे त्याला याहून मोठी सवलत कोणती असू शकते? हॉलीवूडमधल्या एका संगीतविद्यालयात तो पूर्वी वर्षभर शिकला होता. त्यातून हार्मनीचे शास्त्र तेवढे हाती लागले आणि बाकी वेळ वाया गेला, असा त्याचा अभिप्राय होता. त्याचे खरे विद्यालय हे कॉफीगृह. आपल्याकडे ज्याला रियाज म्हणतात तो बंद दाराआड करायचा असतो. बकलीने तो चारचौघांत, कॉफी पिणाऱ्या गिऱ्हाइकांच्या समक्ष केला, एवढाच काय तो भेद.

नुसरतचा आवाज त्याने प्रथम १९९० च्या सुमारास हार्लेममधल्या एका बिऱ्हाडात, सोबत राहणाऱ्या मित्राच्या खोलीत ऐकला. त्या आवाजाने त्याला जे वेड लावले ते अखेरपर्यंत उतरले नाही. या दोघांची जन्मकुंडली शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखी आहे. नुसरतचे घराणे मूळचे जालंधरचे, फाळणीनंतर लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादेत, गेलेले; त्यांची कव्वालीची परंपरा सहाशे वर्षांची सांगितली जाते. वडील उस्ताद फतेह अली खान स्वतः नामवंत कव्वाल. १९६४ मध्ये ते वारले आणि त्यांच्या चाळिसाव्याला किशोरवयीन नुसरत प्रथम लोकांसमोर गायला. पुढे चुलत्यांनी त्याला तयार केले आणि १९७१ पासून तो घरच्या मंडळींचा म्होरक्या झाला. ही अस्सल मिरास: जमीन, बैल, अवजारे, पाणी आणि मार्ग दाखवणारे वडीलधारे, सगळे घरचे. तथापि याच नुसरतच्या वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती असे सांगतात. म्हणजे ज्याला सारे घरातच मिळायचे होते त्यालाही ते मागून घ्यावे लागले, आणि बापाच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने गाऊनच पहिले पाऊल टाकावे लागले. सेंट ॲन चर्चमधला तो मुलगा आणि चाळिसाव्याच्या दिवशी गाणारा हा मुलगा यांच्यामध्ये सत्तावीस वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. परंतु हे साम्य मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. वारसा आपसूक चालत येत नाही. तो ज्याला हवा असतो त्याला एके दिवशी उभे राहून सर्वांच्या देखत त्याचा भार उचलावा लागतो.

१९९३ च्या उन्हाळ्यात 'शिने'मध्ये केलेल्या मुद्रणांत एक जागा आहे, ती मी अनेकदा ऐकली आहे. बकली श्रोत्यांना नुसरतविषयी सांगतो आहे. तो माझा एल्व्हिस आहे, या अर्थाचे काही बोलतो आहे. मग गिटारवर, पेटीच्या भात्याने स्वर धरून ठेवावा तसा एक आधार धरतो आणि 'ये जो हलका हलका सुरूर है' या कव्वालीला हात घालतो. उर्दू उच्चार परक्या माणसाचेच आहेत. काही शब्द कानाने उचललेले, जिभेवर नीट न बसलेले. परंतु मुखडा एकदा, दोनदा, तीनदा घेताना प्रत्येक खेपेला तो किंचित वरून येतो, आणि मग शब्द सोडून देऊन गळा नुसत्या स्वरांच्या मागे धावू लागतो, तेव्हा ही थट्टामस्करी नाही हे कोणत्याही कान असलेल्या माणसाला उमगते. सोबतीला टाळ्या देणारी मंडळी नाहीत, तबला नाही, पेटी नाही. एक माणूस आणि सहा तारा. दहा जणांनी उचलायचे ओझे तो एकटा उचलतो आहे आणि ते त्याला पेलत नाही, हेही ऐकू येते. मला ते मुद्रण प्रिय आहे ते याच कारणासाठी.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कव्वाली हे नुसते गाणे नव्हे. ती दर्ग्यातली उपासना आहे, तिच्यामागे सूफी संतांची परंपरा आहे, आणि ज्याला ना त्या भाषेची ओळख ना त्या श्रद्धेची, अशा अमेरिकन तरुणाने ती कॉफीगृहात गावी हा परमुलखातल्या धनावर घातलेला हात नव्हे काय? पाश्चात्त्य संगीताने पूर्वेकडून आणि विशेषतः काळ्या लोकांकडून पुष्कळ काही उचलले आणि मूळ धन्याचे नावही घेतले नाही, हा इतिहास ताजा आहे आणि त्याची चीड मला मान्य आहे. परंतु लूट आणि शागिर्दी यांत भेद करता आला पाहिजे, आणि तो करण्याची कसोटी अवघड नाही: घेतलेल्या वस्तूचे पुढे काय केले हे पाहावे. कंपनीने १९९३ च्या नोव्हेंबरात 'शिने'मधल्या चार गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. त्यांत दोन त्याची, एक पियाफचे, एक व्हॅन मॉरिसनचे. कव्वाली त्यांत नाही. ती बाजारात आली २००३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. जिवंतपणी त्याने नुसरतचे गाणे आपल्या नावावर कधीही विकले नाही. उलट १९९६ मध्ये एका मासिकासाठी त्याने नुसरतची मुलाखत घेतली, प्रश्न विचारणारा म्हणून समोर बसला. आणि नुसरतच्या निवडक गाण्यांच्या एका संचासाठी प्रास्ताविक लिहून दिले. शागिर्दाने उस्तादाची पायरी ओळखून वागावे तसेच हे वर्तन आहे.

आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या 'ग्रेस' या त्याच्या एकमेव पूर्ण ध्वनिमुद्रिकेत कव्वाली म्हणून काही नाही. जे आहे ते पचलेले आहे. पहिलेच गाणे शब्दांनी सुरू होत नाही. आलाप सुरू व्हावा तसा एक निःशब्द, मंद गुणगुणता स्वर कोठून तरी दुरून येतो, आणि शब्द यायला बराच वेळ लागतो. शीर्षकगीताच्या अखेरीस आवाज चढत चढत जातो तो रॉकमधल्या आरडाओरड्याच्या रीतीने नव्हे. एकेका स्वरावर पाय देऊन, मींडेने पुढचा स्वर कवेत घेत. शेवटच्या गाण्यात तबला वाजतो, परंतु तो पूर्वेचा रंग दाखवण्यासाठी ठेवलेला वाटत नाही. ज्याने हे मुद्रण ऐकले आणि नुसरतचे नाव कधी ऐकले नाही त्यालाही त्यांतली ओढ लागते. कलेत प्रभाव या शब्दाचा मला मान्य असलेला अर्थ एवढाच आहे: घेतलेले धान्य दाखवता येऊ नये, पण अंगात बळ आलेले दिसावे.

याच मुद्रिकेतल्या दहा गाण्यांपैकी तीन परक्यांची आहेत. रॉकच्या जगात एक समजूत रूढ आहे, की जो स्वतःचे गाणे स्वतः लिहितो तोच सच्चा, आणि दुसऱ्याचे गातो तो नुसता गळ्याचा कारागीर. मला ही समजूत अत्यंत उथळ वाटते. ख्यालगायकाच्या तोंडची चीज सदारंगाची असते आणि म्हणून गायकाचे कर्तृत्व उणे झाले असे आपण कधी मानले नाही. कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत, आणि पुढे त्यांच्याइतके स्वतःचे गाणारा गायक विरळा झाला. नक्कल ही स्वत्वाची शत्रू नसते, ती त्याची कच्ची मळणी असते. 'हॅलेलूया' या गाण्याचा प्रवास पाहावा. लेनर्ड कोहेनने ते १९८४ मध्ये गायले, आणि ज्या मुद्रिकेत ते होते ती अमेरिकेत काढण्यास कोलंबिया कंपनीने नकार दिला. १९९१ मध्ये जॉन केलने कोहेनकडून त्याची अनेक कडवी मागवून, त्यांतली निवडून, पियानोवर एक नवा पाठ सिद्ध केला. बकलीने केलचा पाठ घेतला, पियानो काढून टाकला, आणि गिटार व कंठ एवढ्यावर ते उभे केले. त्याच्या मुद्रणाचा प्रारंभ एका निःश्वासाने होतो, स्पष्ट ऐकू येणाऱ्या एका श्वासाने, जणू गाणारा दिवसभराचे काही खाली ठेवून मग बसला आहे. जवळजवळ सात मिनिटे ते चालते. शब्द कोहेनचे, बांधणी केलची, आणि तरीही आज जगात बहुसंख्य लोकांच्या कानात जे गाणे आहे ते बकलीचे. ते मुद्रण त्याच कोलंबिया कंपनीने प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत ते पुढे दाखल करून घेतले. उपऱ्याने कसलेल्या जमिनीची अशी नोंद दप्तरात होणे ही लहान गोष्ट नव्हे.

कंपनीचा विषय निघाला आहे तर 'इंडी' या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. मोठ्या मुद्रणकंपन्यांच्या छत्राबाहेर राहून, स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्यांना हे विशेषण लागले आणि पुढे ते एका शैलीचेच नाव होऊन बसले. काटेकोर हिशेबाने बकली त्यांत बसत नाही. 'शिने'च्या दाराशी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची रीघ लागली आणि १९९२ च्या ऑक्टोबरात त्याने कोलंबियाशी करारनामा केला. अशा करारात गायकाला आगाऊ रक्कम मिळते, तिला आपल्याकडच्या ऊसतोडीच्या भाषेत उचल म्हणावे. मुद्रणाचा खर्च, चित्रफितींचा खर्च, दौऱ्यांसाठी दिलेले पैसे यांतले बरेचसे गायकाच्या वाट्यातून वसूल व्हायचे असते, आणि ते फिटेपर्यंत त्याच्या हातात मानधन पडत नाही. उचल घेतलेल्याला मुकादमाच्या हाकेला ओ द्यावीच लागते. 'ग्रेस' अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत १४९ व्या क्रमांकापलीकडे चढले नाही, आणि १९९६ च्या मार्चपर्यंत तो देशोदेशी गात फिरत राहिला. तरीही मी त्याला स्वतंत्र गायक म्हणतो. स्वातंत्र्य शिक्क्यावर कोणाचे नाव आहे यावरून ठरत नाही. आपण कोणाचे ऋणी व्हायचे हे ज्याने स्वतः ठरवले, पॅरिसच्या पियाफचे, लायलपूरच्या नुसरतचे, मध्ययुगीन इंग्रजी गीताला स्वर देणाऱ्या बेंजामिन ब्रिटनचे, आणि जो बापाच्या ऋणात जन्मूनही त्यावर जगला नाही, त्याच्याइतका स्वतंत्र मनुष्य रॉकच्या त्या पिढीत मला दुसरा आढळत नाही.

त्याच्यामागून आलेल्यांविषयी थोडक्यात. रेडिओहेड, कोल्डप्ले, म्यूज या इंग्रज मंडळ्यांच्या गायकांवर त्याची छाया पडली, आणि कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनने तर आपल्या एका आरंभीच्या गाण्याबाबत ती मोकळेपणाने कबूल केली. त्यांनी घेतला तो मुख्यतः वरच्या पट्टीतला पातळ, थरथरता फॉल्सेटो आवाज. तो सहज उचलता येतो. सोमवारच्या रात्री उचलता येत नाहीत.

बकलीला स्वतःला याची जाण होती असे मानण्यास आधार आहे. कीर्ती वाढू लागल्यावर त्याला अनामिकपणाची ओढ लागली. १९९६ च्या डिसेंबरात तो अमेरिकेच्या ईशान्य भागात खोटी नावे घेऊन लहानसहान कॉफीगृहांतून गात फिरला. पूर्वीची ती चुका करण्याची, कोणी ओळखत नसताना गाण्याची मुभा आपल्याला हवी आहे, असे त्याने नंतर चाहत्यांना कळवले. दुसऱ्या मुद्रिकेचे काम टॉम व्हर्लेनच्या देखरेखीखाली सुरू झाले होते, पण त्याचे समाधान होईना. १९९७ च्या आरंभी तो मेम्फिसला जाऊन राहिला, एक लहानसे घर भाड्याने घेतले, चार पट्ट्यांच्या यंत्रावर एकट्याने नवी गाणी कच्च्या स्वरूपात टिपू लागला. आणि शहरातल्या बॅरिस्टर्स नावाच्या एका छोट्या मद्यगृहात तो दर सोमवारी रात्री गाऊ लागला, एकटा, हातात गिटार. शेवटचा सोमवार २६ मे. २९ मेच्या संध्याकाळी त्याचे साथीदार नव्या गाण्यांच्या तालमीसाठी न्यूयॉर्कहून विमानाने यायचे होते. त्यांची वाट पाहताना तो वुल्फ नदीच्या काठी गेला, अंगावरच्या कपड्यांनिशी, पायांतल्या बुटांनिशी, लेड झेपेलिनचे एक गाणे म्हणत पाण्यात उतरला, आणि जवळून गेलेल्या एका जहाजाच्या लाटांनंतर दिसेनासा झाला. ४ जूनला देह सापडला. त्यात कोणत्याही मादक द्रव्याचा अंश नव्हता. ऑगस्टच्या १६ तारखेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या एका रुग्णालयात नुसरतही गेला. बकलीने प्रास्ताविक लिहिलेला तो गाण्यांचा संच त्याच वर्षी बाजारात आला, तेव्हा त्यावर ज्यांची नावे होती त्यांपैकी एकाने नदीत उतरतानाही दुसऱ्या कोणाचे तरी गाणेच तोंडात धरले होते.